फुकट मिळणारा स्विमिंग टँक: घ्यायचा की नाही?

मागच्या वर्षी पावसाळा सरत असताना शेजारच्या वस्तीतला आठवीतला एक मुलगा गिट्टीच्या खदानीत बुडाला. चौघे मित्र गेले होते. पोहता कोणालाच येत नव्हते. तिघे काठाशी थांबले, हा दोन पावले पुढे गेला आणि पायाखालचा तळ संपला. त्याच्या पुण्यानुमोदनाला आमच्या विहारातले सगळेच गेलो होतो. परत येताना एक आई म्हणाली, "माझाबी तिथंच जाते. मी किती दिवस धरून ठेवू?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते.

यंदा मे महिन्यात आमच्या विहाराच्या आरोग्य समितीला एक निरोप आला. शहराबाहेरचे एक रिसॉर्ट बंद होत होते. तिथे जमिनीवर उभा करायचा एक स्विमिंग टँक होता. लोखंडी पायांचा, जाड प्लास्टिकच्या कापडाचा, १५ फूट व्यासाचा आणि ४ फूट उंचीचा. मालक म्हणाले, "घेऊन जा, पैसे नको. टेम्पो तुमचा." रविवारच्या वंदनेनंतर हा विषय निघाला तेव्हा तरुण मंडळी टेम्पोवाल्याला फोन करायलाच निघाली होती. समितीतल्या निवृत्त नर्सताईंनी त्यांना थांबवले. त्या म्हणाल्या, "पहिले हिशेब करू. फुकट म्हणून आणला आणि त्याच्यातच पोरगं गेलं तर काय सांगू?"

तो हिशेब आम्ही जवळजवळ दोन महिने केला. अनेक वस्त्यांत, शाळांत आणि मंडळांत असे वापरलेले हौद आता पोचू लागले आहेत. आमचा हिशेब त्यांच्याही उपयोगी पडावा म्हणून या पानावर मांडत आहोत.

गरज आहे का?

आधी हेच विचारले. पाण्यात बुडून मरणे ही किरकोळ गोष्ट नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली आपल्या देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात २०२१ साली हा आकडा सुमारे ३ लाख होता. संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यू टाळण्यासाठी राखून ठेवला आहे, तो यामुळेच. उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटना ज्या गोष्टी सांगते, त्यात शाळकरी वयाच्या मुलांना पोहणे आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवणे ही एक आहे. त्यासाठी मोठा तलावच लागतो असे नाही. बांगलादेशात गावच्या तळ्यात बांबूचा मांडव बांधून मुलांना शिकवले गेले, तर व्हिएतनाममध्ये शाळेच्या आवारात असेच उचलून नेता येणारे हौद लावून.

आमच्या चर्चेत एक ऐंशी वर्षांचे काका बोलले. "आमच्या बापाला विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते. पोहायला शिकवणार कोण? ज्याला येत नाही तो पोराला काय शिकवीन?" २० मार्च १९२७ ला महाडला पाणी पिण्याचा हक्क बजावला गेला, पण पाण्यात उतरण्याची सवय एका दिवसात लागत नाही. आमच्या वस्तीतल्या ८७ घरांत आम्ही विचारून आलो. पोहता येणारी मोठी माणसे निघाली अकरा. त्यात बाई एकच.

महापालिकेचा जलतरण तलाव का नाही, हाही प्रश्न आला. आमच्यापासून तो नऊ किलोमीटर आहे, मुलींच्या बॅचची वेळ शाळेच्या वेळेतच येते आणि जाण्यायेण्याचे भाडे रोज कोणाला परवडत नाही. पण ज्यांच्या वस्तीजवळ असा तलाव आहे, तिथे प्रशिक्षक आणि जीवरक्षक आहेत, त्यांनी या हौदाच्या भानगडीत पडू नये असेच आमचे मत झाले. मुलांचे भाडे भरायला वर्गणी काढावी. ते स्वस्त पडते.

हौद पाहायला गेलो तेव्हा

आम्ही पाच जण गेलो. सोबत एक गवंडीभाऊ, एक वेल्डर आणि एक वायरमन नेला. वापरलेला हौद पाहताना काय पाहायचे ते त्यांच्याकडूनच शिकलो.

कापड पूर्ण उलगडून पाहावे. घडी करून ठेवलेल्या कापडाला घडीच्या रेषेवर आधी चिरा पडतात आणि उन्हात राहिलेले कापड कडक होते. बोटांनी दुमडले की पांढरी रेघ उमटत असेल किंवा करकर आवाज येत असेल तर ते सोडून द्यावे. ठिगळे तळाला असतील तर चालून जाते, पण भिंतीच्या जोडावर असलेले ठिगळ धोक्याचे. आमच्या हौदाच्या तळाला तीन ठिगळे होती, भिंत धड होती.

पाय आणि वरची कडी बाहेरून रंगवलेली असली तरी आतून गंजलेली असू शकते. वेल्डरदादांनी एकेक पाय उलटा करून आपटला. दोन पायांतून गंजाचा भुगा पडला. एक पाय वाकला तरी सगळे पाणी एकदम एका बाजूने बाहेर पडते, आणि त्या लोंढ्यापुढे लहान मूल उभे राहू शकत नाही. ते दोन पाय बदलायचे ठरले. कड्या जिथे पायांना मिळतात तिथले प्लास्टिकचे जोडही एकेक करून पाहावे.

तिसरी गोष्ट आम्हाला माहीतच नव्हती. या हौदाच्या लेबलवर परदेशी बाजाराची माहिती छापली होती, म्हणून समितीतल्या एका मुलीने तिकडच्या सूचना शोधल्या. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने तीन कंपन्यांचे मिळून सुमारे ५० लाख हौद दुरुस्तीसाठी परत बोलावले. सगळे ४८ इंच किंवा त्याहून उंच. त्या हौदांना खालच्या बाजूला एक पट्टा असतो आणि तो पायांच्या बाहेरून जातो. लहान मूल त्या पट्ट्यावर पाय देऊन वर चढते आणि आत पडते. २००७ ते २०२२ या काळात असे नऊ बालकांचे जीव गेले, सगळी २२ महिने ते ३ वर्षे वयाची. आमचा हौद ४८ इंचांचाच आणि पट्टाही पायांच्या बाहेरूनच होता. शिडी काढून ठेवली म्हणजे हौद बंद, असे आम्ही समजत होतो. ते खोटे ठरले.

घरच्या घरी पट्टा कापू नये, कारण हौदाच्या भिंतीला आधार त्याचाच असतो. कंपनीचा दुरुस्तीचा संच आपल्याकडे मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून हौदाभोवती कुंपण घातल्याशिवाय एक बादलीही पाणी भरायचे नाही, हा आमचा पहिला ठराव झाला. कुंपण किमान चार फूट उंच हवे, त्याला पाय देऊन चढता येईल अशी आडवी पट्टी नसावी, फाटक आपोआप बंद होणारे आणि कडी मुलांच्या हाताला न लागणारी असावी. हौदाजवळ खुर्ची, बादली, सायकल असे काहीही ठेवायचे नाही.

सतरा टन

विहाराच्या गच्चीवर लावू, असे पोरांचे म्हणणे होते. गवंडीभाऊ हसले आणि हिशेब मांडला. हौद १५ फुटांचा, म्हणजे तळाचे क्षेत्रफळ सुमारे १६.४ चौरस मीटर. पाणी १.०५ मीटर भरले तर सतरा हजार लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे सतरा टन. दर चौरस मीटरवर हजार किलोंहून जास्त भार. वावरायच्या साध्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलोंच्या आसपास भार धरून बांधलेला असतो. सातपट फरक! गच्चीवर, गॅलरीत, सेप्टिक टँकच्या झाकणावर किंवा जुन्या बुजवलेल्या विहिरीवर असा हौद कधीच उभा करू नये.

विहारामागची जागा मोजली. जमीन सपाट दिसत होती, पण गवंडीभाऊंनी लेव्हल पाइप लावला तेव्हा एका बाजूला अडीच इंच उतार निघाला. पाणी उताराच्या बाजूला दाबते आणि तिकडचेच पाय आधी वाकतात. उपाय म्हणजे उंच बाजू खोदून खाली आणायची. खोल बाजूला माती टाकून भर घालायची नाही, कारण ती पाण्याच्या वजनाखाली बसते. त्यावर बारीक चाळलेली वाळू आणि जाड ताडपत्री. आमच्याकडची काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात, म्हणून पाणी भरण्याआधी जमीन धुम्मसने घट्ट करून घ्यायची.

आता पाणी. सतरा हजार लिटर म्हणजे दहा हजारांचे जवळजवळ दोन टँकर. जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने हे तीनशे माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. आमच्या वस्तीत मे महिन्यात नळ एक दिवसाआड येतो. तेव्हा बायका हंडे घेऊन रांगेत आणि विहारात मुले पाण्यात, हे आम्हाला पटण्यासारखे नव्हते. महिला मंडळाने तर स्पष्टच सांगितले, "उन्हाळ्यात भरला तर आम्ही येऊन बूच काढू."

तोड त्यांनीच काढली. वर्षावास संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत भरा. तेव्हा बोअरला भरपूर पाणी असते. खदानी आणि नाले काठोकाठ भरलेले असतात, म्हणजे शिकण्याची गरजही तेव्हाच जास्त. आणि हौद तीन आठवडेच ठेवा, बारा महिने नको. पोहणे म्हटले की आपल्याला उन्हाळा आठवतो, पण आपल्या भागासाठी पावसाळ्यानंतरचा काळच योग्य, हे आम्हालाही पटले.

कमी पाणी भरून भागेल का, हेही पाहिले. गाळण्याच्या पंपाचे नळ भिंतीत ठरावीक उंचीवर असतात. पाणी त्याच्या खाली गेले तर पंप हवा ओढतो आणि जळतो. म्हणून कोणताही हौद घेण्याआधी पाण्याची कमीत कमी पातळी किती लागते ते नळाची उंची मोजून पाहावे.

विजेचे काय

विदर्भात कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे जातात, हे वेगळे सांगायला नको. हौदाचा पंप कूलरच्या पंपापेक्षा सुरक्षित नाही. आमच्या हौदासोबत आलेल्या पंपाची वायर दोन ठिकाणी टेप लावून जोडलेली होती आणि अर्थिंगची पिन तोडलेली होती. वायरमनदादांनी तो बाजूला काढला. ठरले ते असे: नवी अखंड वायर, व्यवस्थित अर्थिंग, ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी, बोर्ड हौदापासून लांब आणि उंचावर. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही. आणि मुले पाण्यात असताना पंप बंद, नुसता बटणाने नव्हे तर प्लग काढून. शेवटची बॅच गेल्यावर तो चालवायचा.

पाणी दिसायला स्वच्छ आणि खरेच स्वच्छ

सहा मुले हौदात उतरली की घाम, लाळ, लघवी आणि मळ पाण्यात येतो. म्हणून क्लोरीन लागते. हौदाच्या पाण्यात लिटरला किमान १ आणि साधारण ३ मिलिग्रॅमपर्यंत मोकळे क्लोरीन असावे, आणि सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान. सामू वाढला की तेवढेच क्लोरीन मंद काम करते. आमच्या हौदाला लिटरमागे २ मिलिग्रॅम हवे असेल तर सतरा हजार लिटरला ३४ ग्रॅम क्लोरीन लागते. ग्रामपंचायतीत मिळणाऱ्या ब्लीचिंग पावडरीत चांगल्या मालातही ते ३० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे सुमारे ११० ग्रॅम पावडर. तिच्यातल्या चुन्याने पाणी गढूळ होते, म्हणून आदल्या रात्री बादलीत कालवून ठेवायची आणि सकाळी वरचे निवळ पाणीच हौदात घालायचे. हौदासाठी मिळणारे ६५ टक्क्यांचे दाणे वापरले तर ५० ग्रॅम पुरतात.

पावडर नेहमी पाण्यात टाकावी, पावडरीवर पाणी ओतू नये. ॲसिड किंवा संडास धुण्याच्या द्रवाजवळ ती ठेवूही नये. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. औषध घातल्यावर लगेच कोणाला उतरवायचे नाही. नळाचे पाणी तपासायला वापरतात ती ओ.टी.ची बाटली आपल्या आशाताईंजवळ असते, पण ती सगळे क्लोरीन एकत्र दाखवते, मोकळे किती ते सांगत नाही. हौदासाठी मोकळे क्लोरीन आणि सामू दोन्ही दाखवणारा संच घ्यावा आणि प्रत्येक बॅचआधी तपासून वहीत लिहावे. ऊन क्लोरीन खाऊन टाकते. सकाळचे माप दुपारी राहत नाही.

डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो म्हणजे औषध जास्त झाले, असा समज आहे. बहुतेक वेळा उलटे असते. घाम आणि लघवीशी मिसळून थकलेल्या क्लोरीनचा तो वास असतो. म्हणून पाण्यात जाण्याआधी प्रत्येक मुलाने लघवीला जाऊन साबणाने आंघोळ करायची. आणि सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे तळाला टाकलेले नाणे काठावरून स्पष्ट दिसले पाहिजे. दिसले नाही तर त्या दिवशी कोणी उतरायचे नाही. गढूळ पाण्यात बुडालेले मूलही दिसत नाही.

वापरलेल्या हौदाबाबत आणखी एक. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी भिंतीला चिकटून कित्येक महिने कोरडी तग धरतात. आणल्याबरोबर हौद ब्रशने घासून धुवावा. तीन आठवड्यांनी क्लोरीन घालणे बंद केले की चार-पाच दिवसांत ते उडून जाते. तपासून खात्री झाली की ते पाणी विहाराच्या फरशीला, संडासाला आणि झाडांना वापरायचे. आठवड्याच्या आत हौद कोरडा झालाच पाहिजे.

कोणाला उतरवायचे नाही

कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, डोळे आले असतील, अंगावर खरूज, गजकर्ण किंवा उघडी जखम असेल तर आधी उपचार. जुलाब होत असतील तर अजिबात नाही. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगू शकतो. एका मुलाची लपवाछपवी चोवीस मुलांना महाग पडते.

फेफरे येणाऱ्या मुलाला पाण्यात झटका आला तर आवाजही होत नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि परवानगी मिळाली तरी हाताच्या अंतरावर फक्त त्याच्यासाठी एक मोठा माणूस हवा.

सिकलसेलचा प्रश्न आपल्या घराघरातला आहे. थंड पाण्यात एकदम उतरणे, दमणे आणि अंगातले पाणी कमी होणे या तिन्हींनी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. दिवाळीनंतर सकाळी पाणी गार असते. म्हणून बॅच सकाळी ११ नंतरच ठेवायच्या ठरवल्या. एसएस असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही. परवानगी असेल तर थोडाच वेळ, आधी-नंतर भरपूर पाणी पाजून, बाहेर आल्याबरोबर अंग पुसून कोरडे कपडे घालून. वाहक म्हणजे एएस मुलांना पोहायला मनाई नाही, पण त्यांनाही दमवू नये, पाणी पाजत राहावे. ज्या मुलांची तपासणीच झालेली नाही त्यांची यानिमित्ताने करून घेऊ, ही नर्सताईंची सूचना सगळ्यांना आवडली.

आणि उंची. १.०५ मीटर पाणी सात वर्षांच्या मुलाच्या हनुवटीपर्यंत येते. म्हणून वयाऐवजी मापाने ठरवले. १३० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला या हौदात प्रवेश नाही.

राखण कोण करणार

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला लागला. बुडणारे मूल ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर येईल तेव्हा ते श्वास घेते, हाक मारायला श्वास उरत नाही. हात वर करून हलवतही नाही. दोन-तीन हात अंतरावर बसलेल्या माणसालाही ते खेळते आहे असे वाटते. मेंदूला काही मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की कायमची इजा होते. फोनवर बोलून होईपर्यंत सगळे संपलेले असते.

म्हणून राखण म्हणजे केवळ तेवढेच काम. मोबाइल विहारात जमा, गप्पा नाहीत, दर अर्ध्या तासाने जागा बदलायची. बॅचमध्ये सहाच मुले. पाण्यात शिकवणारा एक, बाहेर पाहणारे दोन. मुलींच्या बॅचला पाण्यात बाई आणि बाहेरही निदान एक बाई, नाहीतर मुली येणारच नाहीत. रोज चार बॅच म्हणजे पाहणारे आठ लागतात. प्रत्येकाला एक दिवसाआड पाळी द्यायची तर सोळा माणसे हवीत, आणि त्या सोळांनी श्वास देणे आणि छाती दाबणे आधी शिकलेले असावे. काठाला दोरी बांधलेला हवाबंद रिकामा कॅन आणि लांब बांबू कायम ठेवायचा. पोहता न येणाऱ्याने उडी घालायची नाही, कॅन फेकायचा.

रात्रीचाही प्रश्न आहे. शिडी काढून कुलपात, फाटकाला कुलूप, दिवा चालू. हौदावर ताडपत्री टाकली म्हणून निर्धास्त राहू नये. तिच्याखाली मूल सरकले तर दिसतही नाही.

एवढे करून काय शिकणार

एका तरुणाने विचारले, "पंधरा फुटांत पोहणं तरी होते का?" खरे आहे. दोन हात मारले की भिंत येते. या हौदात मूल पट्टीचे पोहणारे होणार नाही. पाण्यात तोंड घालून श्वास सोडणे, पाठीवर पडून तरंगणे, पडल्यावर वळून काठ पकडणे, हाताच्या जोरावर बाहेर येणे, आणि मित्र बुडत असेल तर स्वतः न उतरता काहीतरी फेकणे, एवढे शिकता येते. खदानीत गेलेल्या त्या चौघांना एवढे तरी येत असते तर, असे आमच्या मनात येऊन गेले.

धोका असा की तीन आठवड्यांनी मुलाला वाटेल, मला पोहता येते. खदानीत तळ दिसत नाही, काठ उभा असतो आणि खालचे पाणी बर्फासारखे गार. म्हणून शेवटच्या दिवशी सगळ्या मुलांना पालकांसह खदानीवर नेऊन काठावरूनच दाखवायचे, लांब दोरीला दगड बांधून खोली मोजून दाखवायची, असे ठरले. हौदात डोके खाली करून उडी मारायला पहिल्या दिवसापासून बंदी. चार फुटांत मान मोडते.

आमचा निर्णय

आषाढ पौर्णिमेनंतरच्या बैठकीत मतदान झाले. हौद घ्यावा म्हणणारे चौदा, घेऊ नये म्हणणारे नऊ. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पंप, दोन पाय, कुंपण, वाळू, औषध आणि तपासणी संच मिळून फुकटच्या हौदाचा खर्च बराच वर गेला होता, आणि एवढ्या पैशात चार मुलांची वर्षभराची शिकवणी होते, असे एक भगिनी म्हणाल्या. शेवटी त्यांच्याच सूचनेवर एकमत झाले. हौद आणायचा, घासून वाळवून ठेवायचा. पाय बदलायचे, कुंपण घालायचे. पण सोळा नावांची यादी पूर्ण होईपर्यंत पाणी भरायचे नाही. दिवाळीपर्यंत यादी भरली नाही तर यंदा हौद लागणार नाही, आणि जमलेल्या पैशातून जमतील तितक्या मुलांना महापालिकेच्या तलावावर पाठवायचे.

हौद आता विहाराच्या मागच्या खोलीत घडी करून ठेवला आहे. यादी सूचनाफलकावर लावली आहे. हे लिहीत असताना तिच्यात अकरा नावे आहेत, त्यात पाच बायका. खदानीवरून परतताना बोललेल्या त्या आईचे नाव सातवे आहे. तिला पोहता येत नाही. ती म्हणाली, "पाहता तर येते ना."

बाहेर काढल्यावर लक्षात ठेवा

• बुडालेल्याला उलटे टांगू नका, डोक्यावर घेऊन फिरवू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात.

• लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करायला एकाला सांगा.

• श्वास चालू नसेल तर उताणे झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या. बुडालेल्याला प्राणवायू आधी हवा असतो. मग छातीच्या मध्यभागी जोरात आणि भराभर ३० वेळा दाबा, पुन्हा २ श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका.

• श्वास चालू असेल आणि शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. ओले कपडे काढून अंग झाका.

• मूल उठून बसले तरी खोकला, धाप किंवा सुस्ती असेल तर दवाखान्यात न्याच. फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.